साहेब, जरा थांबा

औषधांच्या चुका हे रुग्णालयांचं जुनं दुखणं. डोस चुकतो, वेळ चुकते, एका पेशंटचं इंजेक्शन दुसऱ्याच्या खाटेपाशी पोचतं. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत डॉक्टरांचा एक गट अशा चुका मोजत होता. हार्वर्डमध्ये पीएच.डी. करणाऱ्या एमी एडमंडसन त्या कामात सामील झाल्या. कुठल्या वॉर्डातल्या लोकांचं आपसात जमतं, हेड नर्स त्यांच्याशी कशी वागते, हे तपासणं त्यांच्याकडे होतं. अंदाज सरळ होता: ज्यांचं चांगलं जमतं त्यांच्या हातून चुका कमी.

आकडे नेमके उलटे आले. चांगल्या टीमच्या नावावर जास्त चुका!

चांगल्या टीम जास्त चुकत नसतील, त्या चुका लपवत नसतील, असा एडमंडसन यांना संशय आला. मग निकाल ठाऊक नसलेल्या एका सहायकाला त्या वॉर्डांमध्ये निरीक्षणासाठी पाठवलं. त्याला दिसलेला फरक ठळक होता. काही वॉर्डांत सिस्टर चूक झाली की लगेच सांगत आणि सगळे मिळून ती निस्तरत. काही वॉर्डांत चूक कबूल करणं म्हणजे आरोपीच्या पिंजऱ्यात उभं राहणं होतं. तिथली नोंदवही अर्थातच स्वच्छ.

पुढे १९९९ मध्ये त्यांनी एका उत्पादन कंपनीतल्या ५१ टीमचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि मानसशास्त्रीय सुरक्षितता ही संकल्पना मांडली. शंका विचारली, चूक सांगितली, वेगळं मत दिलं तर इथे आपला पाणउतारा होणार नाही, हा टीममधल्या सगळ्यांचा मिळून असलेला विश्वास. ‘मिळून’ हा शब्द मला फार महत्त्वाचा वाटतो. एखादा माणूस मुळातच बुजरा, दुसरा मुळातच धीट, असं आपण पटकन म्हणून टाकतो. पण तोच माणूस एका टीममध्ये भरभरून बोलतो आणि बदली झाली की तोंडाला कुलूप लावून बसतो. स्वभाव तर तोच असतो, मग बदललं काय?

वरच्या माणसासमोर जीभ अडखळते तेव्हा काय होतं, याचं सगळ्यात विदारक उदाहरण विमानांच्या इतिहासात आहे. २७ मार्च १९७७. स्पेनच्या कॅनरी बेटांमधल्या तेनेरिफेचा विमानतळ, दाट धुकं. केएलएम या डच कंपनीचं जंबो जेट उड्डाणासाठी धावपट्टीवर उभं. त्याच धावपट्टीवर पुढे पॅन ॲम या अमेरिकन कंपनीचं जंबो जेट. कॅप्टन म्हणजे वैमानिकांना शिकवणारे कंपनीतले बडे प्रशिक्षक. शेजारच्या सहवैमानिकाची जंबोची परीक्षा काही आठवड्यांपूर्वी त्यांनीच घेतलेली. कॅप्टननी इंजिनांचा जोर वाढवायला घेतला तेव्हा सहवैमानिकाने टोकलं, अजून परवानगी मिळालेली नाही. कॅप्टन थांबले. मग उड्डाणानंतरच्या मार्गाची परवानगी आली, उड्डाणाची आली नव्हती. तरी विमान धावू लागलं. या वेळी सहवैमानिकाने त्यांना अडवलं नाही. मागे बसलेल्या फ्लाइट इंजिनिअरने मात्र विचारलं, ते पॅन ॲमचं विमान अजून बाजूला झालेलं नाही का? कॅप्टननी ठामपणे सांगितलं, झालंय. काही सेकंदांत दोन जंबो जेट एकमेकांवर आदळली. ५८३ माणसं गेली.

धुकं होतं, रेडिओवरचे संदेश एकमेकांत मिसळले होते, कारणं बरीच होती. पण मला राहून राहून आठवतो तो सहवैमानिक. साहेबांना त्याने एकदा टोकलं होतं. मिनिटभरात दुसऱ्यांदा टोकायचं, म्हणजे त्यांना काही कळत नाही असं सुचवल्यासारखंच. आपल्यापैकी कितीजणांनी ते केलं असतं?

अशा अपघातांनंतर नासाने १९७९ मध्ये कार्यशाळा घेतली आणि त्यातून कॉकपिटमधल्या बोलण्याचंच प्रशिक्षण उभं राहिलं. कनिष्ठाने शंका कशी मांडायची, ती ऐकली गेली नाही तर पुन्हा कशी मांडायची आणि कॅप्टनने ती कशी मागून घ्यायची, हे वैमानिक आज शिकतात.

शस्त्रक्रियेच्या टेबलावरही तेच. डॉ. अतुल गावंडे हे अमेरिकेतले सर्जन, त्यांच्या वडिलांचं गाव यवतमाळ जिल्ह्यातलं उटी. त्यांच्या पुढाकाराने जागतिक आरोग्य संघटनेने शस्त्रक्रियेसाठी १९ मुद्द्यांची तपासयादी केली. त्यातला एक मुद्दा असा: चिरा घेण्याआधी खोलीतल्या प्रत्येकाने आपलं नाव आणि काम सांगायचं. वाचताना हे किरकोळ वाटतं. पण ज्याने एकदा तोंड उघडलं, त्याला पुढे ‘सर, जरा थांबा’ म्हणणं सोपं जातं. नवी दिल्लीसह आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत ही यादी वापरून पाहिली. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत मृत्यूंचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आलेलं दिसलं.

आणि मग २०१४ मध्ये कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतातून आलेली बातमी. तिथल्या १०१ रुग्णालयांत यादी आली, पण मृत्यूंमध्ये म्हणावी अशी घट दिसली नाही. यावर संशोधकांत वाद झाले. पण वरून फर्मान आलं की खाली खुणा भराभर होतात, हे सरकारी किंवा खासगी कुठल्याही कचेरीत काम केलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको. यादी आणता येते. यादी वाचताना मध्येच थांबवणाऱ्या सिस्टरचं सर्जनने ऐकणं, हे परिपत्रकाने होत नाही.

मी कारखान्यात शिफ्ट इन्चार्ज असताना रोज सकाळी विचारायचो, ‘कळलं ना सगळ्यांना?’ सगळे म्हणायचे, ‘हो सर.’ या संशोधनाबद्दल वाचल्यावर प्रश्न बदलला: ‘आज काम कुठे अडेल असं वाटतंय?’ तीन-चार दिवस कुणी बोललं नाही. मग एक ऑपरेटर खाली बघत म्हणाला, ‘सर, दोन नंबरच्या मशीनचं फिक्स्चर ढिलं झालंय. महिना झाला.’ फिक्स्चर म्हणजे काम चालू असताना वस्तू घट्ट धरून ठेवणारी पकड.

‘महिनाभर काय करत होतास?’ हे वाक्य माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. बाकीचे अकराजण त्याच्याकडे बघत नव्हते, माझ्याकडे बघत होते. मी ते गिळलं, ‘बरं झालं सांगितलंस’ म्हणालो आणि तिथेच उभ्या उभ्या टूलरूमला फोन लावला.