बनावट ई-मेलपासून चलनाच्या एपीकेपर्यंत

व्हॉट्सॲपवर ‘आरटीओ ई-चलन’ नावाची एपीके, म्हणजे अँड्रॉइड फोनमध्ये ॲप टाकणारी फाइल येते, ती उघडली की खाते रिकामे होते. हा प्रकार एकाएकी उपटलेला नाही. बँकांनी आणि सरकारने एकेक वाट बुजवत नेली, तसतसे भामटे शेजारची वाट धरत इथवर आले.

सुरुवात अमेरिकेतली. १९९०च्या दशकाच्या मध्यात ‘अमेरिका ऑनलाइन’च्या ग्राहकांना ‘ग्राहकसेवेतून बोलतोय, पडताळणीसाठी पासवर्ड कळवा’ असे निरोप येत. २००३-०४च्या सुमारास ईबे, पेपाल यांच्या हुबेहूब नकली साइट निघाल्या आणि प्रकरण थेट पैशांवर आले. भारतात २००५ साली दिल्ली उच्च न्यायालयाने नॅसकॉम या सॉफ्टवेअर कंपन्यांच्या संघटनेच्या नावाने खोटे ई-मेल पाठवण्याच्या खटल्यात फिशिंग, म्हणजे खोट्या नावाने माहिती उकळणे, बेकायदा ठरवले, तेव्हा कायद्यात त्यासाठी वेगळे कलमही नव्हते. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-ड लागू झाले ते ऑक्टोबर २००९ मध्ये.

त्याच वर्षी १ ऑगस्टपासून रिझर्व्ह बँकेने ऑनलाइन कार्ड व्यवहाराला दुसरी पडताळणी सक्तीची केली. नकली पानावर कार्ड नंबर आणि सीव्हीव्ही (कार्डामागचे तीन आकडे) मिळवून भागेना. ओटीपी हवा, आणि तो ग्राहकाच्या फोनवर. म्हणून भामटे फोनवर आले. ‘बँकेतून बोलतोय, कार्ड ब्लॉक होणार आहे’ या वाक्यामुळे झारखंडमधले जामताडा देशभर बदनाम झाले. एप्रिल २०१६ मध्ये यूपीआय आले आणि ऑनलाइन विकायला काढलेल्या जुन्या सोफ्याचा ‘ग्राहक’ पैसे देण्याऐवजी पैशांची मागणी पाठवून ‘मिळवण्यासाठी पिन टाका’ म्हणू लागला. पैसे येताना पिन लागत नाही, एवढे ज्याला पक्के ठाऊक तो यातून वाचला. व्यक्ती-व्यक्तींमधली ही मागणीची सोय १ ऑक्टोबर २०२५पासून बंद झाली. क्यूआर कोडची तीच युक्ती मात्र चालूच आहे.

२०२२च्या सुमारास महाराष्ट्रात वीजग्राहकांना आलेला मेसेज नमुनेदार होता: मागचे बिल अपडेट नाही, आज रात्री साडेनऊला वीज तोडली जाईल, या मोबाइल नंबरवर अधिकाऱ्याशी बोला. मेसेज दहा आकडी खासगी नंबरवरून यायचा, महावितरणच्या एमएसईडीसीएल या नावाने नव्हे. फोन केला की आपली स्क्रीन भामट्याला दाखवणारे ॲप टाकायला लावायचे आणि ‘फक्त दहा रुपये भरा’ म्हणायचे. दहा रुपये कुणालाच नको होते. ते भरताना टाकलेला पासवर्ड हवा होता.

ऑक्टोबर २०२४पासून व्यावसायिक एसएमएसमधल्या नोंदणी नसलेल्या लिंक अडवल्या जाऊ लागल्या. व्हॉट्सॲपवर ती चाळणी नाही, त्यामुळे एपीकेचे तिथे फावले. हे ॲप आधी एसएमएस वाचण्याची परवानगी मागते. ती दिली की ओटीपी परस्पर भामट्याकडे जातो, विचारायची गरजच उरत नाही. काही ॲप कॉलही वळवतात. *#२१# लावून ते तपासता येते आणि ##००२# लावून रद्द करता येते. मग तीच फाइल तुमच्या नावाने गावच्या ग्रुपवर जाते. म्हणूनच ‘अनोळखी माणसाकडून आलेले उघडू नका’ हा सल्ला आता अपुरा आहे. पाठवणारा सख्खा मेहुणाही असू शकतो.

खरे चलन फाइल म्हणून येत नाही. महाट्रॅफिकईचलन.गव्ह.इन (mahatrafficechallan.gov.in) हा पत्ता स्वतः टाइप करा. गाडीचा नंबर आणि चासीचे शेवटचे चार आकडे टाकले की थकबाकी दिसते. लिंक आलीच, तर सुरुवातीच्या ‘एचटीटीपीएस://’मधल्या दोन रेघा सोडून त्यानंतरची पहिली तिरकी रेघ शोधून तिथून डावीकडे उलटे वाचा. रेघेला लागून ‘गव्ह.इन’ हवे, मध्ये टिंबच हवे, ‘गव्ह-इन.टॉप’ असेल तर ती साइट सरकारी नाही. कुलपाचे चिन्ह नकली साइटलाही मिळते. बँकांसाठी रिझर्व्ह बँकेने ‘बँक.इन’ हा राखीव शेवट आणला आणि ३१ ऑक्टोबर २०२५ची मुदत दिली. शुद्धलेखनाच्या चुकांवरून खोटे पकडायचे दिवस मात्र सरले; हल्लीचे मेसेज बँकेपेक्षा चांगल्या मराठीत असतात.

पैसे गेलेच, तर १९३० या हेल्पलाइनवर फोन करा. यूपीआय व्यवहाराचा बारा आकडी यूटीआर क्रमांक, रक्कम आणि वेळ हाताशी ठेवा. रक्कम पुढच्या खात्यांत पांगण्याआधी गोठवता आली तरच परत मिळण्याची आशा असते. बँकेलाही लगेच कळवा आणि तक्रार क्रमांक घ्या. रिझर्व्ह बँकेच्या २०१७च्या नियमांनुसार चूक ना बँकेची ना ग्राहकाची असेल आणि तीन कामकाजी दिवसांत कळवले असेल, तर ग्राहकावर भार पडत नाही. नागरी सहकारी बँकांनाही तसेच नियम आहेत. ओटीपी स्वतः सांगितला असेल तर कळवण्यापर्यंतचे नुकसान आपले, नंतरचे बँकेचे. तक्रारीच्या वेळेला महत्त्व येते ते यामुळे. एपीके टाकली असेल तर तो फोन एअरप्लेन मोडवर टाका, वाय-फायही बंद करा आणि हे सगळे फोन दुसऱ्या मोबाइलवरून करा. फॅक्टरी रीसेटची, म्हणजे फोन पूर्ण पुसून नव्यासारखा करण्याची घाई नको. ॲपचे नाव, चॅट आणि मेसेज यांचे दुसऱ्या मोबाइलने फोटो काढून झाल्यावरच ते करा.