फुटबॉलच्या खोलीत उशिरा मिळालेली जागा: अमेरिकी महाविद्यालयांतील महिला खेळाडूंच्या ताकद-प्रशिक्षणाची पार्श्वभूमी

अमेरिकेतील मोठ्या विद्यापीठांत व्हॉलीबॉल किंवा सॉकर खेळणाऱ्या मुलीच्या वेळापत्रकात आज बारबेल घेऊन स्क्वॉट मारण्याचे तास मैदानावरच्या सरावाइतकेच ठरलेले असतात. ही पद्धत रुळून जेमतेम पन्नास वर्षे झाली आहेत. तिला एवढा उशीर का झाला, याचे उत्तर सुरुवातीच्या काळापुरते वैद्यकीय समजुतींमध्ये सापडते. त्यानंतरचे उत्तर मात्र वेट रूम, म्हणजे वजने उचलण्याची खोली, मुळात कोणासाठी बांधली गेली, यात शोधावे लागते.

बॉस्टनचे डॉक्टर एडवर्ड क्लार्क यांनी 1873 मध्ये असे मांडले की, महाविद्यालयीन अभ्यासाच्या ताणाने मुलींची प्रजननक्षमता खालावते. या आक्षेपाला महिला महाविद्यालयांनी व्यायामाने उत्तर दिले आणि विद्यार्थिनींना शारीरिक शिक्षण सक्तीचे केले. हार्वर्डच्या व्यायामशाळेचे प्रमुख डडली सार्जंट यांनी 1881 मध्ये केंब्रिजमध्ये महिलांसाठी स्वतंत्र व्यायामशाळा उघडली. हलके डंबेल, मुद्गल आणि कप्पीवर ओढायची वजने ही त्या काळची साधने होती, आणि उद्देश आरोग्य व शरीराची ठेवण सुधारण्यापुरता होता. स्पर्धेकडे संशयानेच पाहिले जाई. स्मिथ कॉलेजमध्ये 1892 साली सेंडा बेरेन्सन यांनी विद्यार्थिनींना बास्केटबॉल शिकवला तो मैदानाचे तीन भाग पाडून आणि चेंडू हिसकावून घेण्यास मनाई करून. पुढे 1923 मध्ये लू हेन्री हूवर (पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या हर्बर्ट हूवर यांच्या पत्नी) यांच्या पुढाकाराने राष्ट्रीय हौशी क्रीडा महासंघात स्थापन झालेल्या महिला विभागाने आंतरमहाविद्यालयीन चुरशीऐवजी ‘प्ले डे’चा पुरस्कार केला, त्यात निरनिराळ्या महाविद्यालयांच्या मुलींचे मिश्र संघ करून खेळवत, म्हणजे कोणाला जिंकण्याची ईर्षाच राहू नये. जिथे जिंकायचेच नाही तिथे ताकद कमावण्याचे कारण तरी काय उरते? 1928 च्या ऍमस्टरडॅम ऑलिंपिकनंतर, धावपटू कोसळल्याच्या अतिरंजित बातम्यांच्या आधारे महिलांची 800 मीटर शर्यत थेट 1960 पर्यंत बंद ठेवली गेली, तीही याच मनोवृत्तीतून.

वजने उचलण्याविषयी पुरुष खेळाडूंच्या प्रशिक्षकांनाही फार काळ धास्ती होती, हे इथे नोंदवले पाहिजे. वजने उचलली की स्नायू आखडतात आणि खेळाडू मंदावतो, ही समजूत सार्वत्रिक होती. दुसऱ्या महायुद्धात जखमी सैनिकांवर उपचार करताना थॉमस डीलॉर्म यांनी वजन टप्प्याटप्प्याने वाढवत नेण्याची पद्धत बसवली आणि तिला शास्त्रीय पाया मिळाला. खेळात तिला पगारी जागा मिळाली ती 1969 मध्ये, जेव्हा नेब्रास्का विद्यापीठाचे अमेरिकी फुटबॉलचे (सॉकरहून वेगळा, अंगावर धडका देत खेळायचा खेळ) प्रशिक्षक बॉब डेव्हनी यांनी पोल व्हॉल्टपटू बॉइड एप्ली यांना खेळाडूंची ताकद वाढवण्याच्या कामावर घेतले. एप्ली यांच्याच पुढाकाराने 1978 मध्ये स्ट्रेंथ प्रशिक्षकांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली. या व्यवसायाचा पगार, त्याची खोली आणि त्याचे वेळापत्रक हे सर्व अमेरिकी फुटबॉलच्या पैशातून आणि गरजांतून घडले. महिला तिथे पोहोचल्या तेव्हा रॅकची (बार टेकवून ठेवायच्या चौकटीची) उंची, बारची जाडी आणि सकाळ-संध्याकाळच्या सोयीच्या वेळा आधीच ठरून गेलेल्या होत्या.

दार उघडले कायद्याने. 1972 च्या ‘टायटल नाइन’ या कायद्याच्या सदतीस शब्दांच्या मुख्य तरतुदीत खेळाचा उल्लेखही नाही. केंद्राची आर्थिक मदत घेणाऱ्या शैक्षणिक कार्यक्रमांत लिंगावरून भेदभाव नको, एवढेच ती सांगते. मात्र तिच्या 1979 च्या अधिकृत स्पष्टीकरणात वजन-प्रशिक्षणाच्या सुविधांची उपलब्धता आणि दर्जा हा समानता तपासण्याचा एक निकष म्हणून घातला गेला. 1971-72 मध्ये विद्यापीठ पातळीवर सुमारे 30,000 महिला खेळत होत्या. आज एनसीएए या महाविद्यालयीन क्रीडासंघटनेच्या खेळांत ती संख्या दोन लाखांच्या वर आहे. शास्त्रीय पुरावाही याच सुमारास येऊ लागला. जॅक विल्मोर यांनी 1974 मध्ये प्रसिद्ध केलेल्या दहा आठवड्यांच्या अभ्यासात महिलांची ताकद पुरुषांच्या बरोबरीच्या प्रमाणात वाढली, पण स्नायूंचा घेर फारसा वाढला नाही. ‘वजने उचलली तर पुरुषी दिसू’ या भीतीला एवढे उत्तर पुरेसे होते. तरी ती भीती पुढची दोन-तीन दशके टिकली, कारण ती मुळात पुराव्यावर उभीच नव्हती. 1980 च्या दशकात स्कॉटलंडच्या थाळीफेकपटू मेग रिची यांच्याकडे ऍरिझोना विद्यापीठाच्या स्ट्रेंथ विभागाची सूत्रे आली, आणि फुटबॉल संघही त्यांच्या हाताखाली वजने उचलू लागला. त्या काळी हे अपवादात्मकच होते.

महिलांसाठी वेगळा विचार हवा, हे गुडघ्याने पटवून दिले. एलिझाबेथ अरेंट आणि रँडल डिक यांनी 1995 मध्ये एनसीएएच्या दुखापतींच्या नोंदी तपासल्या, तेव्हा सॉकर आणि बास्केटबॉलमध्ये महिलांच्या गुडघ्यातील एसीएल हा अस्थिबंध फाटण्याचे प्रमाण पुरुषांच्या कितीतरी पट आढळले. यांतील पुष्कळ दुखापती कोणाचाही धक्का न लागता होतात. खेळाडू उडी मारून खाली येते, गुडघा जवळजवळ ताठ असतो, तो आत दुमडतो, आणि सगळा भार मांडीच्या पुढच्या स्नायूंवर जातो. मागचे स्नायू वेळेवर आवळले जात नाहीत. टिमोथी ह्यूएट आणि सहकाऱ्यांनी 1996 आणि 1999 मध्ये दाखवले की, उड्यांचा सराव, मांडीच्या मागच्या स्नायूंची ताकद आणि उतरण्याचे तंत्र यांवर काही आठवडे मेहनत घेतली तर उतरतानाचा आघात आणि गुडघ्याच्या गंभीर दुखापती दोन्ही कमी होतात. उंच खोक्यावरून उतरून गुडघे वाकवत, ते पायाच्या बोटांच्या रेषेत ठेवून थांबण्याचा साधा व्यायाम आज बहुतेक महिला संघांच्या सरावात दिसतो, त्याचे मूळ या संशोधनात आहे. फुटबॉलच्या तक्त्यातून उतरवून न घेतलेला, महिलांच्या गरजेतून घडलेला हा बहुधा पहिलाच मोठा भाग असावा.

दुसरा भाग ताटातून आला. अपुरा आहार, थांबलेली मासिक पाळी आणि ठिसूळ होत जाणारी हाडे यांची सांगड 1992 मध्ये ‘महिला खेळाडूंचे त्रिकूट’ म्हणून घातली गेली; 2014 मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने ऊर्जेच्या सापेक्ष कमतरतेची, म्हणजे खर्चाच्या मानाने शरीराला कमी ऊर्जा मिळण्याची, व्यापक संकल्पना मांडून तिच्यात पुरुषांनाही सामावून घेतले. पाळीच्या टप्प्यांनुसार वजने कमी-जास्त करण्याची कल्पना सध्या लोकप्रिय आहे. तिला पाठबळ देणारा पुरावा अजून तोकडा आहे, आणि खेळाडूची त्या दिवसाची स्थिती विचारून भार ठरवणे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

सुविधांचे काय झाले, हे मार्च 2021 मध्ये सर्वांना दिसले. एनसीएएच्या बास्केटबॉल स्पर्धेसाठी इंडियानापोलिसमध्ये पुरुषांना रॅक आणि बारबेलनी भरलेली प्रशस्त वेट रूम होती. सॅन अँटोनियोत महिलांना डंबेलचा एक छोटा स्टँड आणि योगाच्या मॅट मिळाल्या. जागा अपुरी असल्याचे कारण पुढे आले, तेव्हा ओरेगन विद्यापीठाच्या खेळाडू सेडोना प्रिन्स यांनी शेजारची मोकळी जागा व्हिडिओत दाखवली. काही दिवसांत सामान आले. त्यानंतर नेमलेल्या बाहेरच्या कायदा संस्थेने ऑगस्टमध्ये दिलेल्या अहवालात डंबेलच्या पलीकडे जाऊन प्रक्षेपण करारांची रचना तपासली, आणि महिला बास्केटबॉलचे प्रक्षेपण हक्क 2025 मध्ये वर्षाला 8.1 ते 11.2 कोटी डॉलरचे ठरू शकतील असा अंदाज दिला. तोवर ते हक्क इतर अनेक खेळांच्या गठ्ठ्यात एकत्र विकले जात होते.