ग्राइंडर, कटर, ड्रिल घरी नेण्याआधी : आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

मशीनच्या खोक्यात एक पुस्तिका असते. अक्षर बारीक, भाषा इंग्रजी. ती लिहिणाऱ्याने धरून चाललेले असते की तुमच्याकडे पक्के टेबल आहे, व्होल्टेज पूर्ण आहे आणि सॉकेटला अर्थिंग आहे. आपल्याकडे काम होते अंगणात, गोठ्यासमोर नाहीतर शेतातल्या खोपडीत, फळी पायाखाली दाबून. म्हणून हे पत्रक आम्ही वेगळे छापले. विकत घेणाऱ्याला मिळते, भाड्याने नेणाऱ्यालाही मिळते. मशीन चालवणारा दुसराच कुणी असेल तर त्याला वाचून दाखवा.

आधी लाईनचे बघा

पिन तुटली की नवी आणायचा कंटाळा येतो. मग वायरीची टोके सोलायची, सॉकेटात खुपसायची आणि आगपेटीच्या काड्या ठोकून घट्ट करायची, ही पद्धत गावोगाव आहे. यात हिरवी वायर नेहमी लोंबकळत राहते, कारण तिच्याशिवायही मशीन फिरते. पण तीच अर्थिंगची, म्हणजे सुटलेला करंट जमिनीत नेणारी. आत कुठे वायर सोलली जाऊन मशीनच्या धातूच्या अंगाला लागली, तर करंटला जमिनीत जायला तुमच्याशिवाय दुसरी वाट उरत नाही. मशीनच्या पट्टीवर चौकोनात चौकोन अशी खूण असेल तर तिला दुहेरी इन्सुलेशन आहे, दोन पिना चालतात. खूण नसेल तर तीन पिनाच हव्यात, आणि तिसरी नुसती शोभेची नको.

‘एमसीबी हाय न जी, काही होत नाही,’ असे बरेच जण म्हणतात. एमसीबी म्हणजे बोर्डातला आपोआप पडणारा स्विच, ती वायर जळू नये म्हणून असते. 16 अँपिअरची एमसीबी त्याहून जास्त करंट गेल्यावर पडते. माणसाचा जीव एका अँपिअरच्या विसाव्या भागातही जाऊ शकतो. माणसासाठी वेगळी वस्तू आहे, 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी; करंट अंगातून जमिनीत गळू लागला की ती लाईन तोडते. घराच्या बोर्डात एकदा बसवा आणि तिच्यावरचे टेस्टचे बटण महिन्यातून एकदा दाबून बघा. बटण दाबल्यावर पडली नाही तर ती बदला.

मीठ-कोळशाचा अर्थिंगचा खड्डा असेल तर उन्हाळ्यात त्यात पाणी टाकत जा. आपली काळी माती एप्रिल-मेमध्ये भेगाळते, खड्डा कोरडा पडतो आणि अर्थिंग नावापुरते उरते. नेमकी वखर-डवऱ्याची, बंडीच्या डागडुजीची कामे तेव्हाच निघतात.

वायर लांब न्यायची असेल तर जाड घ्या. घरापासून 100 मीटरवर 1400 वॉटचा कटर चालवायचा झाला, तर 1 स्क्वेअर एमएम तांब्याच्या वायरीत वीसेक व्होल्ट वाटेतच जातात. अडीचच्या वायरीत दहाच्या आत. संध्याकाळी सगळ्यांचे पंप सुरू असताना गावात आधीच 190 व्होल्ट येत असतील, तर पातळ वायरीवर मशीन रडतच चालते. ती मंद चालते म्हणून माणूस जोराने दाबतो, दाबल्यावर आर्मेचर, म्हणजे मोटरचा आतला फिरता भाग, जळते, आणि मग वॉरंटीवरून आमच्याशी वाद होतो. मशीन मंद वाटली की काम थांबवा. गुंडाळी केलेली वायर पूर्ण उलगडूनच वापरा, नाहीतर ती आतून तापते.

आणखी एक. लाईन गेली की आपण मशीन तशीच खाली ठेवून चहाला जातो. ग्राइंडरचे बटण लॉक राहिले असेल तर लाईन आल्यावर मशीन आपोआप सुरू होऊन अंगणात नाचते, आणि जवळ पोर असले तर पुढचे सांगायला नको. लाईन गेली की आधी बटण बंद, मग पिन बाहेर. ब्लेड बदलताना, मोटरचे कार्बन ब्रश बघतानाही तेच.

मार्बल कटरने लाकूड कापणारे

हे कुणी थांबवेल असे वाटत नाही, म्हणून नीट लिहितो. मार्बल कटर फरशीसाठी बनतो. त्याला लाकडाचे ब्लेड बसते, स्वस्तही पडते, त्यामुळे बहुतेक मिस्त्री तोच वापरतात. मिनिटाला 12 हजार फेऱ्यांवर 110 मिलिमीटरच्या ब्लेडची कड ताशी साधारण 250 किलोमीटरने धावते. लाकडासाठी बनलेला 7 इंची सर्क्युलर सॉ मिनिटाला पाचेक हजार फेऱ्यांचा असतो. त्याला खालचा गार्डही असतो, जो कापताना मागे सरतो आणि मशीन उचलली की स्प्रिंगने परत दाते झाकतो. मार्बल कटरला तो नसतो. बटण सोडल्यावरही उघडे ब्लेड काही क्षण फिरत राहते, आणि त्याच वेळी मशीन मांडीशेजारी ठेवली जाते.

आता मशीन उसळून मारते त्या झटक्याचे. फळीची दोन्ही टोके विटांवर आणि मधोमध कापायचे, असे मांडले की कापत गेल्यावर फळी मध्ये वाकते आणि चीर ब्लेडवर आवळते. ब्लेडचे मागचे दाते वरून खाली येत असतात. तेच लाकडात अडकले की पूर्ण मशीन उसळून तुमच्याकडे येते. ओली बाभूळ तर कापता कापता स्वतःच आवळते. म्हणून फळीचा मोठा भाग आधारावर घट्ट, आणि तुटून पडणारा तुकडा मोकळा ठेवा. ब्लेड लाकडाच्या जाडीपेक्षा थोडेसेच खाली उतरेल अशी खोली लावा. उभे राहायचे ते चिरेच्या सरळ मागे नाही, जरा बाजूला. पायाने दाबायची सवय मोडत नसेल तर निदान सी-क्लॅम्पची जोडी घ्या. बोटे आणि पंजा वाचवायला याहून स्वस्त वस्तू दुकानात नाही.

जुन्या बंडीचे, जुन्या दाराचे लाकूड कापण्याआधी खिळे शोधा. लोहचुंबक फिरवला तरी कळते.

ग्राइंडरवर लाकडाचे दातेरी ब्लेड बसवून आम्ही देत नाही. कितीही ओळखीचा माणूस असला तरी. ग्राइंडरला ना तळपट्टी, ना किती खोल कापायचे याचा बंदोबस्त; एक दाता अडकला की तो हातातून सुटतो.

तसेच 4 इंची ग्राइंडरचा गार्ड काढून 7 इंची चकती बसवणारे. 7 इंची चकतीवर साधारण 8500 फेऱ्यांची मर्यादा छापलेली असते, 4 इंची ग्राइंडर 11 हजार किंवा त्याहून जास्त फिरतो. चकती फुटली तर तिचे तुकडे अडवायला गार्डही नाही. चकतीवरचा आकडा मशीनच्या आकड्यापेक्षा कमी नको, निदान एवढे तरी बघा. मधल्या पत्र्याच्या कड्यावर वापराची शेवटची तारीखही कोरलेली असते. पावसाळाभर ओलीत पडलेली किंवा हातातून पडलेली चकती फेकून द्या.

ठिणग्या आणि कापूस

दिवाळीनंतर घराघरात कापूस भरलेला असतो, मागे सोयाबीनचे कुटार आणि तुराट्यांचा ढीग. ग्राइंडरच्या ठिणग्या दहा-पंधरा फूट सहज जातात. कापसात पडलेली ठिणगी लगेच पेट घेत नाही, आत धुमसत राहते. काम संपवून तुम्ही जेवायला बसता तेव्हा धूर दिसतो. लोखंडाचे काम उघड्यावर, वारा बघून, पाण्याची बादली जवळ ठेवून करा आणि नंतर तासाभराने पुन्हा एक चक्कर मारा.

अंगावर काय

उन्हाळ्यात डोक्याला दुपट्टा हवाच, पण त्याची टोके शर्टात खोचा. ड्रिलमध्ये दुपट्टा गुंडाळला गेला की मान ओढली जाते. हातातला गंडा, सैल बाही, साडीचा पदर यांचेही तेच. कापडी हातमोजे ड्रिल आणि कटरवर घालू नका, ते बोटासकट आत जातात. डोळ्याला बाजूने बंद असलेला चष्मा हवा. उन्हाचा काळा चष्मा चालत नाही. सागाचा भुसा नाका-घशाला लागतो, फरशीची धूळ फुप्फुसात साठते, तेव्हा मास्क लावा. फरशी पाणी सोडून कापा, पण पाणी प्लगपर्यंत वाहत जाऊ देऊ नका.

तरीही काही झालेच तर

शॉक लागलेल्याला हात लावण्याआधी मेन स्विच बंद करा. ते जमत नसेल तर कोरड्या लाकडाने वायर दूर करा. डोळ्यात कण रुतला तर चोळू नका, स्वतः काढू नका, डोळा हलकेच झाकून दवाखाना गाठा. बोट तुटले तर जखम स्वच्छ कापडाने दाबून धरा. तुटलेला भाग ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळून पिशवीत बंद करा आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवा. बोट थेट बर्फावर नको. हळद, चुना, कॉफी काही भरू नका. 108 ला फोन लावा.

आमच्याकडून

इथून घेतलेल्या मशीनला तीन पिनांचा प्लग आम्ही फुकट बसवून देतो. जुन्या मशीनला फक्त प्लगचे पैसे. गार्ड काढून फेकलेली मशीन दुरुस्तीला आली तर आधी गार्ड बसतो, मग बाकीचे काम. बाजाराच्या दिवशी दुपारी गर्दी असते, सकाळी आलात तर चालवूनही दाखवता येते. येताना मशीनसोबत तुमची लांब वायरही आणा.