रॉयल पॅव्हिलियन, ब्रायटन

रॉयल पॅव्हिलियन : इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील ब्रायटन शहरातील राजवाडा. लंडनपासून सुमारे ७५ किमी.वर, समुद्रापासून काही मिनिटांच्या चालीवर तो आहे. युवराज जॉर्ज, म्हणजे पुढचा राजा चौथा जॉर्ज (१७६२–१८३०), याने १७८७ ते १८२३ या काळात टप्प्याटप्प्याने तो बांधून घेतला. फुगीर घुमट, मिनार आणि नक्षीदार जाळ्या यांमुळे बाहेरून तो हिंदुस्थानी वाटतो. आतली सजावट चिनी धाटणीची आहे. १८५० पासून तो शहराच्या मालकीचा आहे. हिंदुस्थान कधीही न पाहिलेल्या वास्तुविशारदाने कल्पनेतला हिंदुस्थान इथे उभा केला आणि शंभर वर्षांनी त्याच छताखाली खरे हिंदुस्थानी लोक जखमी होऊन आले. या दोन्ही गोष्टी एकत्र पाहिल्या तरच ही वास्तू पुरती समजते.

ब्रायटन हे मुळात मासेमारांचे गाव. जवळच्या ल्यूइस गावचे डॉक्टर रिचर्ड रसेल यांनी १७५० साली समुद्राच्या पाण्याच्या औषधी गुणांवर लॅटिनमध्ये प्रबंध लिहिला. रोग्यांनी ते पाणी प्यावे आणि त्यात स्नानही करावे असा त्यांचा आग्रह होता. तेव्हापासून धनिकांची पावले इकडे वळली. १७८३ मध्ये एकवीस वर्षांचा युवराज इथे प्रथम आला आणि त्याला गाव आवडले. वडील तिसरे जॉर्ज कडक शिस्तीचे; त्यांच्या नजरेपासून दूर, मित्रांसह आणि मरिया फिट्सहर्बर्ट या प्रेयसीच्या सहवासात राहायला ही जागा सोयीची होती. मरिया रोमन कॅथलिक होती. युवराजाने १७८५ मध्ये तिच्याशी गुप्तपणे लग्न केले, परंतु ते कायद्याने ग्राह्य नव्हते. स्टाइन या मोकळ्या पटांगणासमोरचे एक साधे घर त्याने भाड्याने घेतले आणि १७८७ मध्ये हेन्री हॉलंड या वास्तुविशारदाकडून त्याचे अभिजात शैलीतल्या टुमदार बंगल्यात रूपांतर करून घेतले. आजच्या राजवाड्याच्या पोटात तो बंगला अजून आहे.

हिंदुस्थानी घाट पहिल्यांदा आला तो मात्र घोड्यांच्या पागेत. विल्यम पॉर्डन याने १८०३ ते १८०८ या काळात बांधलेल्या या पागेवर सुमारे ८० फूट व्यासाचा काचेचा घुमट होता. आज तिथे ‘ब्रायटन डोम’ हे संगीतसभागृह आहे आणि आब्बा या स्वीडिश वाद्यवृंदाने १९७४ ची युरोव्हिजन स्पर्धा तिथेच जिंकली. पागेच्या घुमटापुढे मूळ बंगला खुजा दिसू लागला. उद्यानरचनाकार हम्फ्री रेप्टन याने त्याला साजेसा हिंदुस्थानी आराखडा करून दिला, पण पैशाअभावी तो कागदावरच राहिला. पुढे जॉर्ज राजप्रतिनिधी झाला आणि १८१५ मध्ये जॉन नॅशकडे काम आले.

नॅश हिंदुस्थानात कधीच आला नव्हता. त्याचा मुख्य आधार होता थॉमस आणि विल्यम डॅनियल या काका-पुतण्यांची चित्रे. या दोघांनी १७८६ पासून सात-आठ वर्षे हिंदुस्थानात हिंडून देवळे, मशिदी, किल्ले आणि घाट रेखाटले होते. १७९३ मध्ये ते मुंबईत होते आणि घारापुरी व कान्हेरीची लेणीही त्यांनी पाहिली. त्यांच्या छापील चित्रांतून उत्तरेतल्या मोगल इमारतींचे घुमट, कमानी आणि छत्र्या नॅशने उचलल्या आणि मनाला येईल तशा जुळवल्या. जाणकाराच्या नजरेला ही भेसळ लगेच दिसते. मशिदीचा घुमट आणि महालाची जाळी इथे शेजारी नांदतात. तरीही या इमारतीला नक्कल म्हणून बाजूला सारणे अन्यायाचे होईल. तिच्यात अचूकपणा नाही. कल्पनेचा मोकळेपणा मात्र आहे, आणि तो दुर्मीळ आहे.

बांधकामाची युक्ती तर त्या काळाच्या पुढची होती. जुन्या बंगल्याभोवती आणि वर ओतीव लोखंडाचा सांगाडा उभारून त्याच्यावर नॅशने घुमटांचा भार पेलला. स्वयंपाकघराचे लोखंडी खांब ताडाच्या खोडासारखे केले असून माथ्यावर तांब्याची पाने लावली आहेत. घुमटांना दिलेला लेप मात्र टिकला नाही; पाणी गळू लागले आणि छतांची डागडुजी हे पॅव्हिलियनचे कायमचे दुखणे झाले.

आतली सजावट फ्रेडरिक क्रेस आणि रॉबर्ट जोन्स यांनी केली. मेजवानीच्या दालनात केळीच्या पानांनी मढवलेल्या छताखाली पंख पसरलेला चांदीच्या रंगाचा ड्रॅगन आहे आणि त्याच्या नख्यांत लटकणारे झुंबर सुमारे ३० फूट उंच व एक टन वजनाचे आहे. त्याच्याखाली उभे राहिल्यावर छायाचित्रे किती अपुरी आहेत ते कळते. फ्रान्सचा विख्यात आचारी मारी-अंत्वान कारेम १८१६–१७ मध्ये इथे होता. १८ जानेवारी १८१७ च्या त्याच्या एका मेजवानीत शंभराहून अधिक पदार्थ होते. संगीतदालनाच्या घुमटावर सोनेरी शिंपल्यांची रांगच रांग आहे. १८२३ मध्ये इटालियन संगीतकार रोसिनीने इथे राजासमोर कला सादर केली. या दालनाने पुढे फार सोसले. १९७५ मध्ये कुणीतरी लावलेल्या आगीत ते जळाले. दुरुस्ती पुरी होत आली होती, तोच १९८७ च्या वादळात छतावरचा दगडी गोळा घुमट फोडून आत कोसळला. आज दिसते ते दालन कारागिरांनी दुसऱ्यांदा सावरलेले आहे.

याच काळात शहरात एका खऱ्या हिंदुस्थानी माणसाचेही नाव गाजत होते. पाटण्याचा शेख दीन महंमद (१७५९–१८५१) याने किनाऱ्यालगत वाफेच्या स्नानाचे आणि चंपी-मालिशचे स्नानगृह थाटले होते. चौथा जॉर्ज आणि चौथा विल्यम या दोन्ही राजांनी त्याला आपल्या सेवेत नेमले. त्याची कबर सेंट निकोलस चर्चच्या आवारात आहे.

राणी व्हिक्टोरियाला पॅव्हिलियन रुचले नाही. भोवती गजबज वाढली होती आणि कुटुंबाला एकांत मिळेना. १८४५ मध्ये तिने आइल ऑफ वाइट बेटावरची ऑस्बोर्नची जागा घेतली. (तिथेही पुढे भाई राम सिंग या पंजाबी कारागिराच्या हातून दरबार दालन सजले, हा योगायोग लक्षात राहण्याजोगा आहे.) पॅव्हिलियनमधले सामान लंडनला नेण्यात आले, त्यातले बरेचसे बकिंगहॅम राजवाड्यात बसवले गेले. रिकामा वाडा पाडला जाण्याच्या बेतात असताना ब्रायटनच्या नागरिकांनी १८५० मध्ये ५३,००० पौंडांना तो विकत घेतला. राणीने १८६० च्या दशकात झुंबरांसह काही वस्तू परत पाठवल्या. विसाव्या शतकात आणखी आल्या.

पहिल्या महायुद्धात फ्रान्स आणि बेल्जियमच्या आघाडीवर १९१४ च्या शरद ऋतूत हिंदी फौज उतरली. खडकीला तळ असलेल्या सॅपर्सच्या, म्हणजे लष्करी अभियंत्यांच्या, दोन कंपन्यांची २८ ऑक्टोबरला नव शापेलच्या लढाईत मोठी हानी झाली. जखमींसाठी ब्रायटनमध्ये तीन रुग्णालये उघडली गेली. त्यांपैकी पॅव्हिलियन आणि डोममध्ये डिसेंबर १९१४ ते जानेवारी १९१६ या काळात दोन हजारांहून अधिक हिंदी सैनिकांवर उपचार झाले. संगीतदालनात आणि मेजवानीच्या दालनात खाटा लागल्या, मोठ्या स्वयंपाकघरात शस्त्रक्रिया होऊ लागल्या. जातिधर्माचे नियम पाळण्यासाठी नऊ वेगवेगळी स्वयंपाकघरे आणि हिंदू-मुसलमानांसाठी पाण्याचे निराळे नळ होते. शिखांना बागेत गुरुद्वाऱ्याचा तंबू, तर मुसलमानांना नमाजासाठी हिरवळीवर जागा मिळाली. २५ ऑगस्ट १९१५ रोजी पाचव्या जॉर्जने जमादार मीर दस्त यांना याच आवारात व्हिक्टोरिया क्रॉस दिला.

या व्यवस्थेमागे काळजी होती तशी राजकीय गरजही होती. राजाने आपला महाल शिपायांसाठी दिला, असा प्रचार हिंदुस्थानात झाला. प्रत्यक्षात तो महाल पासष्ट वर्षे शहराच्या मालकीचा होता. शिपायांची पत्रे तपासली जात आणि त्यांना गावात मोकळेपणे फिरू दिले जात नसे. तीन रुग्णालयांपैकी किचनर रुग्णालयाच्या कुंपणाला तर काटेरी तारा होत्या. हे सांगितल्यावाचून नुसती सोयींची यादी देणे मला अपुरे वाटते. बागेच्या दक्षिणेला असलेली गुजराती धाटणीची वेस ही हिंदुस्थानची भेट आहे. तिचे अनावरण १९२१ मध्ये पतियाळाच्या महाराजांनी केले.

इथे मरण पावलेल्या मुसलमान सैनिकांचे दफन वोकिंगच्या मशिदीजवळ झाले. ५३ हिंदू आणि शीख सैनिकांचे दहन शहराबाहेर पॅचमच्या टेकडीवर करून अस्थी समुद्रात सोडण्यात आल्या. त्या जागी आठ खांबांची, पांढऱ्या संगमरवराची छत्री आहे. तिचा आराखडा ई. सी. हेन्रिक्स या मुंबईच्या तरुण वास्तुविशारदाचा असून १ फेब्रुवारी १९२१ रोजी युवराज एडवर्डने तिचे अनावरण केले. दुसऱ्या महायुद्धात सरावाच्या गोळीबाराने ती जखमी झाली, नंतर दुरुस्त झाली. २०१० मध्ये शेजारी त्या ५३ जणांची नावे कोरलेले स्मारक आले. जून महिन्यात दरवर्षी तिथे मानवंदना होते. मराठी माणसाला ब्रायटन आठवते ते सावरकरांच्या ‘सागरा, प्राण तळमळला’मुळे, १९०९ मध्ये याच किनाऱ्यावर ती कविता जन्मली. तिथवर जाणाऱ्याने टेकडीवरची छत्रीही चुकवू नये.

लंडनच्या व्हिक्टोरिया स्थानकातून आगगाडीने ब्रायटनला सुमारे तासाभरात पोचता येते आणि स्थानकापासून राजवाडा चालत जाण्याइतका जवळ आहे. आत जायला तिकीट लागते. बाग मात्र सर्वांना खुली असून नॅशच्या मूळ आराखड्यानुसार त्या काळची झाडे लावून ती पुन्हा घडवली आहे. आधी बागेतून घुमट पाहावेत आणि मग आत शिरावे, म्हणजे हिंदुस्थानी बाह्यरूपातून चिनी दालनांत जाण्याचा धक्का नीट अनुभवता येतो. युद्धकाळातल्या रुग्णालयावर आत एक स्वतंत्र दालन आहे. झुंबरे पाहून थकण्याआधी तिथे वेळ द्यावा. छत्रीपर्यंत गाडीरस्ता नाही. पॅचमकडून गुरांच्या कुरणांतून पायवाटेने चढून जावे लागते आणि खडूच्या मातीची ती वाट पावसानंतर निसरडी होते, त्यामुळे घट्ट बूट घालून, शक्यतो कोरड्या दिवशी निघावे.