लॉगमुळे भरलेले पार्टिशन

युनिक्स वळणाच्या संगणकांवर (लिनक्स, फ्रीबीएसडी, सोलारिस इत्यादी) प्रणालीच्या नोंदी म्हणजे लॉग साचत जाऊन डिस्कचा विभाग (पार्टिशन) पूर्ण भरण्याचा बिघाड. नोंदी बहुधा '/व्हार/लॉग' मध्ये जमतात. जागा संपली की लिहू पाहणाऱ्या प्रत्येक प्रोग्रॅमला 28 क्रमांकाची चूक, 'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस', मिळते. लॉग थांबतो हे त्यातले लहान दुखणे. त्याच पार्टिशनवरचा डेटाबेस, मेलची रांग आणि तात्पुरत्या फाइलीही अडकतात.

नोंदी गोळा करण्याची सिस्लॉग ही पद्धत एरिक ऑलमन यांनी 1980च्या दशकात बर्कली येथे सेंडमेल या मेल पोहोचवणाऱ्या प्रोग्रॅमच्या जोडीने उभी केली. नोंद कुठे पाठवायची हे तिने ठरवले. जुनी कधी फेकायची, ते काम लॉगरोटेटसारख्या वेगळ्या प्रोग्रॅमकडे गेले. बहुतेक घोटाळे या दोघांच्या सांध्यात होतात.

नाशिकच्या अंबड-सातपूर वसाहतीतला कारखाना किंवा पिंपळगाव बसवंतकडचे द्राक्षांचे शीतगृह घ्या. कोपऱ्यातल्या एकाच लिनक्स मशीनवर हजेरी, बिलिंग आणि तापमानाच्या नोंदी चालतात; 20 जीबीचे एकच पार्टिशन, त्यात 10 जीबी मोकळे. सेन्सरच्या वायरचा जोड सैल होतो आणि ड्रायव्हर सेकंदाला 50 वेळा तीच चूक लिहू लागतो. एक ओळ 200 बाइटची धरली तर दिवसाला 864 एमबी होतात, म्हणजे बाराव्या दिवशी डिस्क फुल. हंगामात स्क्रीनकडे बघायला कोणाला वेळ नसतो. पहिली तक्रार येते ती 'बिल निघत नाही' अशी, आणि दोष प्रिंटरवर जातो.

तपासाची सुरुवात मोकळी जागा दाखवणाऱ्या 'डीएफ -एच' ने करावी. लगेच 'डीएफ -आय'ही बघावे, कारण जागा शिल्लक असून आयनोड (दर फाइलीमागे लागणारा नोंदीचा खण) संपले तरी संदेश हाच येतो. मग डिरेक्टरीनिहाय वापर मोजणाऱ्या 'डीयू -एक्स' ने '/व्हार' खालची मोठी डिरेक्टरी शोधावी. '-एक्स' मुळे मोजणी दुसऱ्या पार्टिशनमध्ये घुसत नाही. ईएक्सटी4 या लिनक्सच्या फाइलसिस्टिममध्ये सहसा 5 टक्के जागा रूटसाठी (सर्वाधिकार असलेल्या खात्यासाठी) राखीव असते, 20 जीबीत 1 जीबी. त्यामुळे बिलिंग बंद पडते, पण रूटच्या नावाने चालणारा लॉगर त्या राखीव जागेतही लिहीतच राहतो.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे घाईघाईने 'आरएम' मारणे, म्हणजे फाइल उडवणे. फाइलीचे नाव जाते, पण ती उघडून बसलेली प्रोसेस (चालू प्रोग्रॅम) जिवंत असेपर्यंत तिचे डिस्कवरचे ब्लॉक सुटत नाहीत. 'डीयू' म्हणतो 6 जीबी वापरले, 'डीएफ' म्हणतो 100 टक्के. असा फरक दिसला की 'एलएसओएफ +एल1' चालवावे. नाव नसलेली पण उघडी फाइल आणि तिची प्रोसेस त्यात दिसते. ती सेवा रीस्टार्ट केली की जागा मोकळी होते. फाइल चालू असेल तर उडवण्याऐवजी 'ट्रंकेट -एस 0' ने रिकामी करावी, तीही शेवटच्या हजारेक ओळी दुसऱ्या डिस्कवर उतरवून, नाहीतर कारणाचा पुरावाच जातो. यातही एक खोच आहे. प्रोग्रॅमने फाइल अपेंड (नेहमी शेवटी जोडण्याच्या) पद्धतीने उघडलेली नसेल तर तो जुन्याच ठिकाणाहून पुढे लिहितो. मग 'एलएस' मध्ये फाइल पुन्हा अवाढव्य दिसते, 'डीयू' मध्ये मात्र छोटी. ती पोकळ असते, घाबरू नये.

तातडीने जागा हवी असेल तर आधी '.जीझेड' (कॉम्प्रेस) झालेले जुने लॉग काढावेत. ते सहसा कोणी उघडून बसलेले नसते. जर्नलसाठी (लिनक्सवरच्या सिस्टिमडीचा स्वतःचा लॉग) 'जर्नलसीटीएल --रोटेट' आणि मग '--व्हॅक्यूम-साइज=200एम'; पहिली पायरी गाळली तर चालू फाइलीला हात लागत नाही. खरे तर जर्नल क्वचितच गुन्हेगार असतो, कारण ते मुळातच फाइलसिस्टिमच्या 10 टक्क्यांवर आणि कमाल 4 जीबीवर थांबते. तोच मजकूर पुन्हा साध्या फाइलीत उतरवणारा आरसिस्लॉग (सिस्लॉगचा आजचा अवतार) किंवा डॉकर या कंटेनर चालवणाऱ्या प्रणालीचे मर्यादा न घातलेले जेसॉन लॉग आधी तपासावेत. इंटरनेटवर एसएसएच (दुरून लॉगिन करण्याची सोय) उघडे असलेल्या मशीनवर फसलेल्या लॉगिनमुळे त्यांची नोंद ठेवणारी 'बीटीएमपी' फाइल फुगते.

लॉगरोटेटमध्ये 'मॅक्ससाइज 100एम' लिहिले म्हणजे फाइल 100 एमबीवर थांबेल, हा समज चुकीचा. लॉगरोटेट दिवसातून एकदा चालत असेल तर मोजमापही एकदाच होते. वेगाने वाढणाऱ्या लॉगसाठी ते तासाला चालवावे लागते. मशीनची वेळ यूटीसीवर असेल तर तिची मध्यरात्र नाशिकच्या पहाटे साडेपाचला होते, आणि रात्री दोनचा बिघाड लॉगमध्ये आदल्या दिवशीच्या 20:30ला सापडतो. 'कॉपीट्रंकेट' (लॉगची प्रत काढून मूळ फाइल रिकामी करणे) आणि कॉम्प्रेस या दोन्हींना तात्पुरती जादा जागा लागते, म्हणून भरलेल्या डिस्कवर ते हमखास फसतात. अशा वेळी लॉगरोटेटची स्टेट फाइलही (कोणता लॉग शेवटचा कधी फिरवला याची नोंद) अर्धवट लिहिली जाऊ शकते. मग जागा मोकळी झाल्यावरही 'बॅड टॉप लाइन इन स्टेट फाइल' म्हणत ते रोज थांबते. ती फाइल काढून 'लॉगरोटेट -डी' ने कोरडी चाचणी घ्यावी, मग '-एफ' ने एकदा जबरदस्तीने चालवावे.