खापर किती आचेवर भाजले होते?

कऱ्हाडला कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन मिळतात, तेथपासून खाली सांगलीपर्यंतच्या नदीकाठी जुन्या वस्तीच्या पांढरीत, म्हणजे वस्ती मोडून साचलेल्या पांढुरक्या मातीत, खापरे सापडणे नवलाचे नाही. खापर तांबडे की काळे, यावरून ते किती भाजले असेल याचा अंदाज आपण चटकन बांधतो; तो बऱ्याचदा फसतो. आव्यात, म्हणजे कुंभाराच्या भट्टीत, हवा खेळती असेल तर मातीतले लोह हेमॅटाइट या तांबड्या लोहखनिजाच्या रूपात येते, आणि धूर कोंडला तर काजळी व मॅग्नेटाइट हे काळे लोहखनिज यांमुळे तेच भांडे काळे पडते. रंगावर आचेइतकाच हवेचाही हात असतो.

चुंबकीय पद्धत रंगाकडे न पाहता लोहखनिजांकडे पाहते. भाजताना ही खनिजे रूप बदलतात आणि त्याबरोबर मातीची चुंबकीय ग्रहणशीलता, म्हणजे बाहेरच्या चुंबकीय क्षेत्राला ती किती प्रतिसाद देते ते प्रमाण, बदलते. मूळ भाजणीत जे बदल व्हायचे ते होऊन गेलेले असल्यामुळे खापराचा नखाएवढा कपचा प्रयोगशाळेत ३०० अंश सेल्सिअसपासून पन्नास-पन्नास अंशांनी चढत्या तापमानाला तापवून, दर वेळी थंड करून मोजला, तर आकडा बराच काळ जवळजवळ तसाच राहतो. तो ज्या टप्प्यावर हलू लागतो, त्याच्या आसपास जुन्या आव्याची आच असावी असे मानतात.

दुसरी वाट खापराने थंड होताना धरून ठेवलेल्या चुंबकत्वाची आहे. एमिल आणि ओडेट थेलिए या फ्रेंच दांपत्याने भाजलेल्या मातीतील याच चुंबकत्वावरून पृथ्वीच्या प्राचीन चुंबकीय क्षेत्राची तीव्रता काढण्याची पद्धत घडवली आणि १९५९ साली ती सविस्तर मांडली. मात्र मॅग्नेटाइट सुमारे ५८० अंशांवर आणि हेमॅटाइट सुमारे ६७५ अंशांवर हे चुंबकत्व गमावतात. त्याहून कडक भाजणीबद्दल ही वाट काही सांगत नाही. चुलीवर वापरलेल्या भांड्याचे बूड मात्र या पद्धतीने जरूर तपासावे, कारण चुलीच्या मंद आचेचा ठसा मूळ भाजणीच्या ठशावर वेगळा उमटलेला दिसू शकतो.

सातारा-सांगलीकडची माती सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हापासून बनलेल्या काळ्या पाषाणाची झीज आहे. कृष्णेच्या कोरड्या वाळूतून लोहचुंबक फिरवला तर त्याला काळ्या कणांची दाढी येते. हे कण मातीत मुळातच असल्याने मोजणीचा आकडा ठळक मिळतो, पण त्या मोठ्या आकड्यात भाजणीने झालेला लहानसा फरक दबून जाऊ शकतो. शिवाय जमिनीत पडून खापरावर गोएथाइटसारखी पाणीधारी खनिजे तयार होतात आणि ती तीनेकशे अंशांच्या सुमारासच बदलतात. तेवढ्यावरून भांडे कच्चे भाजले होते असे म्हणणे घाईचे ठरेल. धुरात भाजलेले काळे खापर उघड्या हवेत तापवले तर त्यातील मॅग्नेटाइट जुन्या तापमानाच्या आधीच बदलू लागते, म्हणून ते शक्यतो हवा काढलेल्या किंवा नायट्रोजन भरलेल्या भट्टीत तापवावे.

आच किती वेळ टिकली, हेही महत्त्वाचे आहे. थोडा वेळ लागलेली कडक आच आणि जास्त वेळ लागलेली मध्यम आच जवळपास सारखाच परिणाम करू शकतात, त्यामुळे उत्तर एका आकड्यात न देता पट्ट्यात द्यावे हे बरे. चुनखडीचे कण पडताळणीला उपयोगी पडतात: साधारण ७०० ते ८५० अंशांदरम्यान ते फुटून चुना होतो, तेव्हा मूळचे कण शाबूत असतील तर ९०० अंशांचा दावा टिकत नाही. यापेक्षाही भरवशाचा उपाय म्हणजे त्याच नदीकाठच्या मातीच्या वड्या ठरावीक तापमानाला भाजून ठेवणे, काही वड्या आजच्या कुंभाराच्या आव्यात तापमापकाच्या तारेसह रचणे, आणि जुन्या खापराचा आलेख त्यांच्या आलेखांशेजारी मांडणे.