‘परफ्यूम’ या एका शब्दामागचा इतिहास: त्वचेवरील सुगंध आणि त्याची सुरक्षितता

जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत सोलापूरची कोरडी हवा ओठ आणि टाचा फोडू लागली, की नवी पेठेतल्या दुकानांत कोल्ड क्रीम आणि बॉडी लोशन यांना मागणी येते. डबी हातात घेतलेले गिऱ्हाईक बहुधा आधी झाकण उघडून वास घेते आणि मागची बारीक अक्षरांतली घटकांची यादी न वाचताच पैसे देते. त्या यादीत पाणी, ग्लिसरीन, खनिज तेल यांची नावे सुटी सुटी दिलेली असतात. शेवटाकडे मात्र ‘परफ्यूम’ किंवा ‘फ्रेग्रन्स’ असा एकच शब्द येतो. त्या एका शब्दाखाली कित्येकदा डझनावारी, कधी शंभराहून अधिक रासायनिक द्रव्ये सामावलेली असतात. सुगंधाचे सूत्र हे व्यापारी गुपित मानण्याची प्रथा जुनी आहे. अमेरिकेने १९७७ मध्ये सौंदर्यप्रसाधनांवर घटक छापणे बंधनकारक केले, तेव्हाही सुगंधाला हा आडोसा कायम ठेवला. त्वचेवरील सुगंधाच्या सुरक्षिततेचा गेल्या शतकभराचा इतिहास पाहिला, तर तो बराचसा हा आडोसा हळूहळू दूर होण्याचा इतिहास आहे.

अंगाला सुगंध लावणे आपल्या भागाला नवे नाही. सोलापूर परिसरावर ज्या कल्याणीच्या चालुक्यांचे राज्य होते, त्यांच्यातील तिसऱ्या सोमेश्वराच्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातील ग्रंथात स्नान आणि विलेपन यांचे स्वतंत्र विवेचन आहे. दिवाळीच्या अभ्यंगस्नानाचे उटणे ही त्याच रीतीची घरगुती शाखा म्हणता येईल. नागरमोथा, कचोरा, वाळा, आंबेहळद आणि चंदन यांची ती खरखरीत पूड दुधात किंवा पाण्यात कालवून अंगाला चोळतात आणि काही मिनिटांतच ऊन पाण्याने धुऊन टाकतात. हे धुऊन टाकणे महत्त्वाचे आहे, कारण पुढे युरोपच्या कायद्याने नेमका याच गोष्टीवर भेद केला.

खरा पालट एकोणिसाव्या शतकात झाला. रसायनशास्त्रज्ञ विल्यम पर्किन यांनी १८६८ मध्ये कुमारिन हे सुगंधद्रव्य प्रयोगशाळेत तयार केले, १८७४ मध्ये व्हॅनिलाच्या वासाचे व्हॅनिलिन आले आणि १८८८ मध्ये आल्बर्ट बाउर यांनी कस्तुरीसारख्या वासाचे कृत्रिम द्रव्य शोधले. सुगंध स्वस्त झाला, सणासुदीचा राहिला नाही; साबण, पावडर, केसांचे तेल आणि क्रीम यांतून तो रोजचा झाला. त्वचेवर दिवसभर राहणारा सुगंध ही सर्वसामान्य माणसाच्या दृष्टीने मोठी नवी गोष्ट होती.

त्याच सुमारास त्वचेचे वावडे तपासण्याची रीतही सापडली. त्वचारोगतज्ज्ञ योझेफ यादासोन यांनी १८९५ मध्ये संशयित द्रव्य रुग्णाच्या त्वचेवर पट्टीखाली ठेवून प्रतिक्रिया पाहण्याची पद्धत मांडली. आजची ‘पॅच टेस्ट’ मुळात तीच आहे. पाठीवर छोट्या चकत्यांमधून द्रव्ये चिकटवतात, दोन दिवसांनी पट्ट्या काढतात आणि आणखी दोन दिवसांनी त्वचा पुन्हा पाहतात. इतके थांबावे लागते, कारण हे वावडे तत्काळ दिसत नाही. सुगंधाचा लहानसा रेणू त्वचेतल्या प्रथिनाला चिकटतो, शरीराच्या संरक्षक पेशी त्या जोडीला परकी समजून लक्षात ठेवतात आणि पुढच्या संपर्कानंतर एक-दोन दिवसांनी खाज, पुरळ, चट्टे उठतात. म्हणूनच “हे क्रीम मी वर्षानुवर्षे वापरते, त्याने कसे होईल?” हा प्रश्न स्वाभाविक असला, तरी त्यातला तर्क फसवा आहे. वावडे वर्षांनंतरही जडू शकते, आणि एकदा जडले की सहसा जन्मभर सोबत राहते.

उन्हाचा संबंध १९१६ मध्ये पुढे आला. बर्गमोट या लिंबूवर्गीय फळाच्या तेलाचे कोलोन लावून उन्हात गेलेल्यांच्या मानेवर ओघळाच्या आकाराचे काळे डाग पडत असल्याचे तेव्हा नोंदले गेले. त्या तेलातील बर्गाप्टेन हे सोरालेन गटातील द्रव्य त्यामागे होते. कोडावर आपल्याकडे वापरली जाणारी बावची ज्या द्रव्यांमुळे उन्हात त्वचेचा रंग गडद करते, ती याच गटातील आहेत.

सावळ्या त्वचेच्या दृष्टीने मला सर्वांत बोलका वाटतो तो जपानचा अनुभव. तेथे १९७० च्या दशकात अनेक स्त्रियांच्या चेहऱ्यावर तपकिरी-करडे डाग दिसू लागले आणि तपासात प्रसाधनांतील रंगद्रव्यांबरोबर बेंझिल सॅलिसिलेट, यलांग-यलांग तेल, जाईचा अर्क अशी सुगंधद्रव्येही आढळली. गोऱ्या त्वचेवर लाली दिसते, म्हणून माणूस लवकर सावध होतो. आपल्याकडे लाली लपते आणि मागे काळेपणा उरतो. त्याला वांग समजून बाई त्यावर आणखी एखादे सुवासिक क्रीम चोळत राहते.

उद्योगानेही पावले उचलली. सुगंधद्रव्यांच्या तपासणीसाठी १९६६ मध्ये अमेरिकेत संशोधन संस्था निघाली आणि १९७३ मध्ये आंतरराष्ट्रीय सुगंध संघटना, म्हणजे इफ्रा, स्थापन झाली. इफ्राचे नियम उपयोगी पडले, पण ते उद्योगाने स्वतःवर घातलेले होते. ग्राहकाला डबीवर काही कळण्याची सोय त्यांत नव्हती. डॉक्टरांची सोय १९७७ मध्ये त्वचारोगतज्ज्ञ वॉल्टर लार्सन यांनी केली. दालचिनीतील सिनॅमल, लवंगेतील युजेनॉल, जिरॅनिऑल, ओकमॉस अशा आठ द्रव्यांच्या मिश्रणाने तपासणी करण्याची रीत त्यांच्या कामातून रुजली आणि सुगंधाच्या वावड्याचे रुग्ण मोठ्या संख्येने ओळखू येऊ लागले.

या आठांतील पुष्कळशी द्रव्ये वनस्पतींत सापडणारी आहेत, हे लक्षात घ्यावे. ओकमॉस तर आपल्या काळ्या मसाल्यातील दगडफुलाप्रमाणेच झाडावर वाढणारे शैवाक आहे, आणि त्यातील ॲट्रॅनॉल व क्लोरोॲट्रॅनॉल ही अत्यंत तीव्र वावडे जडवणारी द्रव्ये ठरली. ‘नैसर्गिक’ हा शब्द येथे काहीही हमी देत नाही. लिंबूवर्गीय तेलातील लिमोनिन आणि लॅव्हेंडरमधील लिनॅलूल ताजेपणी सौम्य असतात, हवा लागून ऑक्सिडीकरण झाले की तीव्र होतात. एप्रिल-मेच्या सोलापुरी उन्हाळ्यात खिडकीत अर्धवट उघडी राहिलेली बाटली पाहिली, की मला हे आठवते.

कायद्याने ‘परफ्यूम’ हा शब्द प्रथम फोडला तो युरोपात. तेथील वैज्ञानिक समितीने १९९९ मध्ये निवडलेल्या २६ द्रव्यांची नावे २००५ पासून वेष्टनावर छापणे सक्तीचे झाले. त्वचेवर राहणाऱ्या उत्पादनात प्रमाण ०.००१ टक्क्याच्या वर असेल तर, आणि धुतल्या जाणाऱ्या उत्पादनात ०.०१ टक्क्याच्या वर असेल तर. दहापटीचा हा फरक म्हणजे उटणे आणि क्रीम यांतला फरक होय. पुढे २०१७ च्या निर्णयाने ओकमॉसमधील ती दोन द्रव्ये आणि लायरल हे कृत्रिम सुगंधद्रव्य यांवर बंदी आली. लिलियल या दुसऱ्या कृत्रिम सुगंधद्रव्यावर २०२२ मध्ये प्रजननावरील परिणामांच्या कारणाने बंदी आली. २०२३ च्या नियमाने यादी ८० च्या पुढे नेली असून ती नव्या उत्पादनांना जुलै २०२६ पासून आणि जुन्यांना जुलै २०२८ पासून लागू होते. युरोपातील सामान्य लोकसंख्येत सुगंधाचे वावडे सुमारे १ ते ३ टक्के लोकांना असल्याचा तेथील समितीचा अंदाज आहे. म्हणजे बहुतेकांना त्रास नाही, पण ज्यांना आहे त्यांची संख्या किरकोळ म्हणण्याजोगी नाही.

आपल्याकडे सौंदर्यप्रसाधने १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली येतात, २०२० पासून त्यांच्यासाठी स्वतंत्र नियम आहेत आणि घटकांबाबत भारतीय मानक ब्यूरोचे ‘आयएस ४७०७’ हे मानक आहे. बाजारातल्या काही डब्यांवर लिमोनिन, लिनॅलूल अशी नावे दिसतात, काहींवर ‘परफ्यूम’पाशीच यादी थांबते. ‘अनसेंटेड’ लिहिलेल्या उत्पादनातही मूळ वास झाकण्यासाठी सुगंधद्रव्य असू शकते; सुगंधद्रव्य घातलेलेच नाही असे सांगणारा शब्द ‘फ्रेग्रन्स-फ्री’ हा आहे.

पॅच टेस्टसाठी सोलापुरात हिवाळ्याचे दिवस बरे, कारण उन्हाळ्यातल्या घामाने पाठीवरच्या पट्ट्या सुटतात. जाताना वापरातले क्रीम, तेल, पावडर आणि कुंकू खोक्यांसह पिशवीत घालून न्यावे. खोक्यावर नुसते ‘परफ्यूम’ असेल, तर आठ द्रव्यांच्या मिश्रणाशेजारी एका चकतीत ते क्रीमच चिमूटभर घालून डॉक्टर ते पाठीवर चिकटवू शकतात, आणि चार दिवसांनी वेष्टनाने न दिलेले उत्तर पाठ देते.